रायपूर: एक कोसा साडी, अडीच दिवस आणि खरं बोलणारे काका

माझी वत्सला मावशी फोनवर कशी आहेस, काय चाललंय असलं काही विचारत नाही. थेट मुद्द्यावर येते. मागच्या महिन्यात ऑफिसच्या मीटिंगमध्ये असताना तिचा फोन आला आणि मी बाहेर येऊन उचलला, तर पहिलंच वाक्य, "चित्रा, सुट्टी काढ अन रायपूरले ये. तुले काकांचं काम कराचं आहे."

काका म्हणजे तिचे यजमान. रेल्वेतून निवृत्त झालेले, प्रकृतीनं ठणठणीत. त्यांचं काम मी का करायचं, असं विचारल्यावर पलीकडून मोठा उसासा आला.

"ते आता खोटं बोलत नाहीत ना बापा."

हे दुःख समजायला मावशीची ख्याती माहीत हवी. माझ्या माहेरचे सगळे मूळचे नागपूरकडचे, रेल्वेच्या नोकऱ्यांमुळे काहीजण रायपूरला गेले आणि तिथलेच झाले. मावशी तिथल्या बाजारात गेली तीस वर्षं भाव करते आहे, आणि सांगितलेल्या किमतीला तिनं आजवर काही घेतलेलं नाही. रेल्वे कॉलनीतल्या बायका लग्नाची खरेदी असली की आधी मावशीची वेळ घ्यायच्या, मग मुहूर्त बघायच्या. पण हे काम एकट्याचं नाही. त्याला जोडी लागते. एकानं वस्तू आवडल्यासारखं करायचं आणि दुसऱ्यानं "चल, काही नको" म्हणून उठून चालायला लागायचं. तीस वर्षं उठून चालायला लागण्याचं काम काकांनी केलं, आणि मावशी म्हणते की तसं तोंड वाकडं करणारा माणूस अख्ख्या छत्तीसगढमध्ये दुसरा नाही. निवृत्तीनंतर काका दहा दिवसांच्या ध्यान शिबिराला गेले, पंचशील नव्यानं मनावर घेऊन आले, आणि त्यातलं खोटं न बोलण्याचं चौथं शील त्यांनी असं काही धरलं की मावशीचा बाजार बसला.

त्यात त्यांच्या मुलीचं, प्राचीचं लग्न ठरलेलं. आमच्या बौद्ध लग्नात नवरी पांढऱ्या साडीत असते, आणि रायपुरात राहून पांढरी साडी घ्यायची तर ती कोशाची, म्हणजे इथल्या टसर रेशमाचीच. प्राची बंगलोरला नोकरी करते. शुक्रवार-शनिवार ती घरी असणार होती आणि रविवारी पहाटेचं विमान. "शनिवारी साडी नाही झाली त मी ऑनलाइन मागवते म्हणते पोट्टी," मावशी म्हणाली. मग आवाज जरा खाली आला. "हॉल तिनं मोबाईलवर ठरवला. जेवणवाला मोबाईलवर. पत्रिका त छापल्याच नाहीत, त्याही मोबाईलवर. माह्या पोरीच्या लग्नात माह्या हातचं काय राहिलं? साडीचा भाव तरी मी करीन."

यावर नाही कोण म्हणणार? मी तिकीट काढलं.

आता माझी लायकीही सांगून टाकते. मी पुण्यात दहा रुपयांची कोथिंबीर मोबाईलवर मागवते आणि ती पोचवायचे पंचवीस रुपये देते. एकदा रस्त्यावर रुमाल घेताना विक्रेत्यानं स्वतःहून दहा रुपये कमी केले तर मीच ओशाळून दोन रुमाल जास्त घेतले. मावशीला हे माहीत नव्हतं.

पुण्याहून संध्याकाळी सुटणारी हावड्याकडची गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी रायपूरला पोचते. थ्री टायर एसीला साधारण सोळाशे रुपये पडतात. खालचा बर्थ मिळाला तर उत्तम, कारण गोंदियापासून पुढची झाडी खिडकीतून बघण्यासारखी आहे. दिवाळीनंतर ते माघापर्यंत कधीही जा. उन्हाळ्यात जायचं असेल तर हा ब्लॉग वाचू नका, डॉक्टरांना विचारा.

स्टेशनबाहेर रिक्षावाल्यानं मावशीच्या मोहल्ल्याचे, बुढापाऱ्याचे, दोनशे सांगितले. मी दोनशे दिले, वर धन्यवादही दिले. बुढा तलावाच्या कडेनं, स्कूटरांच्या गर्दीतून रिक्षा गल्लीच्या तोंडाशी थांबली तेव्हा मावशी दारातच उभी होती.

"किती घेतले?"

"दोनशे."

"त्यानं किती मागतले होते?"

"दोनशेच."

मावशी गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेली. रिक्षा अजून दिसते का ते बघायला. परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर माझ्याविषयीची पहिली शंका होती. (वाचकांसाठी: स्टेशन ते बुढापारा शंभर, फार तर सव्वाशे. ई-रिक्षात इतरांबरोबर बसलात तर वीस-तीस. त्याहून जास्त दिलेत तर निदान मावशीला सांगू नका.)

जेवायला काका समोर बसले. उंच, शांत, पांढरा सदरा. मावशीनं मोठ्या हौसेनं फरा केला होता. म्हणजे तांदळाच्या पिठाच्या उकडलेल्या लांबट गोळ्या, वरून मोहरी-तिळाची फोडणी. मी वा वा म्हटलं. काकांनी एक खाल्ला आणि म्हणाले, "मीठ कमी आहे."

"पाहिलं?" मावशी मला म्हणाली. "सहा महिन्यांपासून हेच सुरू आहे. भाजीवाला विचारते, बाबूजी, कल के टमाटर कैसे थे? हे सांगतात, बहुत बढ़िया थे. आता तो मले त्या टमाटरचे चाळीसचे पन्नास लावते."

"चांगले होते, तर चांगले होते म्हणालो," काका म्हणाले.

"काहून म्हणाले? कोणी पैसे दिले होते का म्हणाचे?"

काका हसले आणि आणखी दोन फरे घेतले. मला हे भांडण नवीन वाटत नव्हतं, पण त्यांना ते अजून कंटाळवाणं झालेलं नव्हतं एवढं कळलं.

संध्याकाळी माझी परीक्षा झाली. गोल बाजार हे रायपूरचं पोट आहे. बांगड्या, भांडी, पूजेचं सामान, मसाले, सगळं एकमेकांच्या अंगावर. मावशीनं सरावासाठी स्टीलचा एक डबा निवडला. योजना अशी की ती डबा हातात घेऊन कौतुक करणार, मी तोंड वाकडं करून चालायला लागणार, आणि दुकानदार हाक मारेपर्यंत वळून बघायचं नाही.

डबेवाल्यानं साडेचारशे सांगितले. मी पुण्याहून आलेल्या माणसाच्या आत्मविश्वासानं मावशीच्या कानाशी लागले आणि मराठीत म्हणाले, "साडेतीनशेपर्यंत मिळाला तर सोडू नकोस, डबा छान आहे."

"साडेतीनशे द्या मग ताई," डबेवाला म्हणाला. "तुम्ही पहिल्यांदाच तोंडानं काही मागितलं आहे."

मावशीनं डोळे मिटून घेतले. घरी जाताना तिनं मला समजावलं की इथं अर्धा बाजार नागपूर-गोंदियाकडचा आहे, आणि जो नाही त्यालाही मराठी कळते. गुपित बोलायचं असेल तर बोलायचंच नाही. तो डबा ती म्हणे दोनशे ऐंशीला नेणार होती.

दुसरा प्रयत्न शुक्रवारी चादरीच्या दुकानात झाला. मी ठरल्याप्रमाणे "काही नको" म्हणून उठले, बाहेर पडले, पंधरा पावलं गेले. कुणी हाक मारली नाही. आणखी पंधरा गेले. मग एका गुपचुपवाल्यापाशी थांबले. गुपचुप म्हणजे आपली पाणीपुरी. तिथं ती आवाज न करता खातात असं नाही, तरी नाव गुपचुप. वीस रुपयांच्या खाऊन होईपर्यंत हाक आली नाही, तेव्हा मीच परत गेले. दुकानदार मला म्हणाला, "दीदी, आप आ गईं? हम तो समझे आप सच में चली गईं." मावशी चादर न घेता उठली.

"तुह्या जाण्यात दम नाही," ती म्हणाली. "तू जाऊन राहिली हे त्याले वाटलंच नाही. त्याले वाटलं तुले भूक लागली."

शनिवारी सकाळी पोहे-जिलबी खाऊन आम्ही निघालो. (नाक्यावरची प्लेट, दोन्ही मिळून चाळीस रुपये. चुकवू नका.) मावशी आणि काका स्कूटरवर, प्राची आणि मी रिक्षात. प्राची शांत पोरगी आहे. मराठी सगळं समजते, उत्तर मात्र हिंदीतून देते. रिक्षात बसल्यावर तिनं भाडं विचारलंच नाही, थेट मोबाईलवरून भरलं. मला जरा बरं वाटलं.

"दीदी," ती म्हणाली, "मम्मी दुकान में जो करती है ना, मैं बचपन से शरम से मर जाती हूँ. एक बार मैंने दुकानदार को बोल दिया था कि अंकल, मेरी मम्मी झूठ बोल रही है. घर आकर इतनी मार पड़ी."

पंडरी म्हणजे रायपूरचा कापडबाजार. ओळीनं दुकानं, आणि प्रत्येक दुकानाबाहेर आत बोलावणारा एक माणूस. मावशीचं दुकान ठरलेलं. नाव सांगत नाही, कारण पुढचा मजकूर वाचून तुम्ही तिथं जाल. आत पांढऱ्या गाद्या, भिंतीला टेकलेले लोड, आणि चष्मा कपाळावर ठेवणारे जाडसर शेठजी. मावशीला बघताच त्यांनी चष्मा खाली घेतला. जुना पैलवान समोर आल्यावर दुसरा पैलवान जरा सरसावून बसतो, तसे ते बसले.

मावशीनं काकांना बाहेर स्कूटरपाशीच थांबायला सांगितलं होतं. "तुम्ही आत येऊ नका, बस. एवढंच करा माह्यासाठी." काका हो म्हणाले. आणि हो म्हणाले म्हणजे थांबणारच.

आता ज्यांना कोसा घ्यायचा आहे त्यांच्यासाठी थोडं. कोसा चांपा-कोरबाकडच्या विणकरांकडून येतो. त्याचा मूळ रंग मधासारखा, पांढरा हवा तर तो धुऊन काढावा लागतो, म्हणून पांढरा जरा महाग. हाताला किंचित खरखरीत लागतो, अगदी गुळगुळीत लागला तर शंका घ्या. साडेचार हजारांपासून पुढे कितीही. आणि आवडलेली साडी पहिल्यांदा हातात घेऊ नका. मावशीनं आधी चार नावडत्या साड्या उलगडायला लावल्या, प्रत्येकीला नावं ठेवली, आणि पाचवीकडं बघितलंसुद्धा नाही. ती पाचवी सायीच्या रंगाची होती, बोटभर निळे काठ, पदरावर बारीक वेल. प्राचीनं ती बघितली आणि लगेच खाली मोबाईलमध्ये बघायला लागली. मला वाटलं पोरगी शिकली.

"ये कैसी दी?" मावशीनं पाचवीकडं हनुवटीनं दाखवत विचारलं.

"साढ़े चौदह."

"आठ."

शेठजी हसले. मावशी हसली. मग अर्धा तास मी जे पाहिलं त्याचं तिकीट लावायला हरकत नाही. शेठजींनी विणकराचे कष्ट सांगितले. मावशीनं आपल्या गुडघ्यांचे सांगितले. शेठजींनी साडी उजेडात धरली, तर मावशीला तिच्यात एक सुटलेला धागा सापडला, जो बहुधा तिच्याच पदराचा होता. चहा आला. भाव तेरावर आला, मावशी नऊवर. बरोबर त्या वेळी तिनं मला डोळ्यानं खूण केली.

मी उठले. तोंड वाकडं केलं. "चलो मौसी, कुछ नहीं लेना," असं म्हणाले आणि दाराकडं निघाले. दारात माझी ओढणी बाहुलीच्या हातात अडकली, म्हणजे त्या साडी नेसवलेल्या पुतळ्याच्या, आणि मी त्याला सॉरी म्हटलं. शेठजी म्हणाले, "आराम से दीदी." मी परत येऊन बसले.

मग मावशीनं ठेवणीतलं काढलं. "ऐसी ही साड़ी हमको चांपा में साढ़े आठ में दे रहे थे. हम लोग पिछले हफ्ते ही गए थे."

शेठजींनी चष्मा पुन्हा कपाळावर चढवला, दाराबाहेर पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू प्रकाश पडला. "अरे, भाईसाहब बाहर धूप में क्यों खड़े हैं? बुलाइए, बुलाइए." आणि मावशी नको नको म्हणेपर्यंत ते स्वतः उठून काकांना हाताला धरून आत घेऊन आले. पाणी दिलं, लोड दिला.

"भाईसाहब, चांपा कैसा लगा? पिछले हफ्ते गए थे ना?"

काकांनी पाणी प्यायलं. ग्लास खाली ठेवला. मावशीकडं बघितलं, आणि त्या बघण्यात तीस वर्षांची माफी होती.

"नहीं," ते म्हणाले. "हम लोग चांपा गए ही नहीं."

"साड़ी कैसी लगी?"

"बहुत अच्छी है. बिटिया को भी पसंद है. बारह हजार लेकर आए हैं, बारह तक दे सकते हैं."

मावशी साडीच्या घडीकडं बघत राहिली. मला तिच्याकडं बघवेना. लग्नातलं तिच्या हातचं एकच काम होतं आणि ते नवऱ्यानं एका वाक्यात, पाण्याच्या घोटाबरोबर, संपवून टाकलं होतं.

पण शेठजींची अवस्था त्याहून वाईट झाली. गिऱ्हाईक खरं बोलतं ही शक्यता त्यांनी आयुष्यात धरलेली नव्हती. बारा म्हणणाऱ्याच्या खिशात अठरा असतात, हे त्यांना ठाऊक. पण ह्या माणसाचं तोंड तसं दिसत नव्हतं. ही कुठली नवी चाल आहे, ह्या विचारात त्यांनी काकांना नीट निरखलं, मग मावशीला, मग मला. शेवटी स्वतःवरच चिडल्यासारखे म्हणाले, "भाईसाहब, आपने तो मुझे फँसा दिया. मैं तो साढ़े ग्यारह पर मानने वाला था."

"तो साढ़े ग्यारह ले लीजिए," काका म्हणाले.

"अब आपने बारह बोल दिया है."

"हाँ, बोला तो है. तो बारह लीजिए."

"नहीं, अब मैंने भी सच बोल दिया ना. बारह कैसे लूँ?"

गिऱ्हाईक भाव वर ओढतंय आणि दुकानदार खाली, असा प्रकार मी प्रवासात पुष्कळ ठिकाणं बघूनही कुठं बघितला नव्हता. दोघंही भलतेच सज्जन होऊन बसले होते आणि साडी काही बांधली जात नव्हती. मावशी त्या दोघांच्या मधोमध बसलेली, आणि तिला कुणी काही विचारत नव्हतं.

तेवढ्यात प्राची उठली.

"मुझे नहीं चाहिए," ती म्हणाली. आवाज मोठा नाही, पण असा की शेजारच्या गादीवरच्या बायकाही वळल्या. "बॉर्डर अच्छा नहीं है. मम्मी, तुम लोग बैठो जितना बैठना है. मैं जा रही हूँ." आणि ती गेली. बाहुलीला नीट वळसा घालून, मागं न बघता. काचेतून दिसलं, तिनं रस्ता ओलांडला आणि पलीकडच्या रिक्षात जाऊन बसली.

शेठजी घाबरले. ते काकांकडं वळले, कारण आता त्या दुकानात विश्वास ठेवण्याजोगा तोच एक माणूस उरला होता. "भाईसाहब, बिटिया सच में नहीं लेगी क्या?"

काकांनी विचार केला. "पता नहीं," ते म्हणाले. "वो मेरी सुनती नहीं. एक बार उठ गई तो उठ गई."

हे शब्दशः खरं होतं. मावशीची पाठ सरळ झाली. तिनं काकांना हातानं मागं सारलं आणि पदर खोचला.

"भैया, आप इनको छोड़िए. मुझसे बात कीजिए. लड़की रिक्शे में बैठ गई है. दस."

"दीदी, साढ़े ग्यारह तो मैं खुद..."

"वो आपने इनको बोला है. मुझे नहीं बोला. दस."

रिक्षा सुरू झाल्याचा आवाज आला. शेठजींनी काचेतून पाहिलं. "ग्यारह." रिक्षा थोडी पुढं सरकली. साडी साडेदहा हजारांना झाली, फॉल-पिको फुकट, आणि वर एक ब्लाऊजपीस, जो मावशीनं कुठल्या नियमानं मिळवला ते मला आजही कळलेलं नाही. मी बाहेर धावत जाऊन रिक्षा थांबवली. प्राचीनं रिक्षावाल्याला चौकापर्यंत जाऊन परत यायला सांगितलं होतं आणि त्याचे पन्नास रुपये आधीच मोबाईलवर दिले होते.

मावशी दुकानातून बाहेर आली ती पिशवी छातीशी धरून. प्राचीला म्हणाली, "काठ चांगले आहेत ना पण?"

"बहुत अच्छे हैं, मम्मी."

"मले वाटलंच." मग माझ्याकडं वळून, "पाहिलं? याले म्हणतात जाणं."

घरी आल्यावर मावशी सायंकाळच्या चहाला कुणाकुणाला बोलवायचं ते ठरवायला लागली. प्राची आणि मी आतल्या खोलीत होतो. तिनं मोबाईल माझ्यापुढं धरला. सायीचा रंग, बोटभर निळे काठ, पदरावर बारीक वेल. मागं तीच पांढरी गादी, तोच लोड. दुकानाचीच ऑनलाइन विक्री. नऊ हजार आठशे, घरपोच. म्हणजे शेठजींनी कबुली देऊन सांगितलेलं खरंसुद्धा सतराशेनं वाढवून सांगितलेलं होतं.

"हे तू कधी बघितलंस?"

"वहीं, दुकान में. जब मम्मी बाकी साड़ियाँ खुलवा रही थी."

"मग दाखवलं का नाहीस?"

"क्या दिखाती, दीदी? मम्मी के पास इस शादी में और क्या काम है? सब तो मैंने कर दिया. मुझे लगा था उसका बोझ कम कर रही हूँ." तिनं मोबाईल बंद केला. "सात सौ की तो बात है."

मागं चहाचे कप घेऊन काका उभे होते. केव्हापासून ते ठाऊक नाही. त्यांनी कप टेबलावर ठेवले.

"पापा, मम्मी को मत बताना," प्राची म्हणाली.

"मी स्वतःहून नाही सांगणार," काका म्हणाले. "पण तिनं विचारलं त खोटं नाही बोलणार. तुले माहीत आहे."

ती संध्याकाळ मी विसरणार नाही. बायका येत होत्या, साडी हातोहात फिरत होती, मावशी साडेचौदापासून साडेदहापर्यंतचा सगळा रस्ता प्रत्येकीला पायी चालवत होती. कहाणीत आता मीही व्यवस्थित उठून गेले होते आणि चांपाचा उल्लेख गळाला होता. मावशी हसत होती, हातवारे करत होती, आणि मी तिला इतकं खुश कधी पाहिलं नव्हतं. प्राची आणि मी काकांच्या दोन बाजूंना बसून होतो. कुणी त्यांच्याशी बोलायला लागलं की मी मध्येच चिवडा पुढं करायची.

शेवटी शेजारच्या साहूबाईंनी साडी परत ठेवता ठेवता छत्तीसगढीत म्हटलंच. "बने हे दीदी. फेर मोर बहू ह मोबाइल ले मँगाथे, ओमा सस्ता परथे कहिथे." छान आहे, पण माझी सून मोबाईलवरून मागवते, तिथं स्वस्त पडतं म्हणे.

मावशी थांबली. तिला साहूबाईंच्या सुनेवर विश्वास नव्हता, आमच्यावरही नव्हता. ह्या घरात एकाच माणसाच्या शब्दाला आता पुरावा लागत नव्हता. ती काकांकडं वळली.

"काहो, तुम्ही त ते मोबाईलवरचं पाहत राहता. यापेक्षा स्वस्त भेटते का हे तिथं?"

चिवड्याची ताटली माझ्या हातातच राहिली. प्राची जमिनीकडं बघत होती. काकांनी साडीकडं पाहिलं, मग मावशीकडं.

"नाही," ते म्हणाले. "नाही भेटत. एवढ्या भावात कुठंच नाही भेटत."

"ऐकलं?" मावशी साहूबाईंना म्हणाली. "हे खोटं बोलत नाहीत."

रविवारी पहाटे प्राची गेली, आणि नऊच्या सुमारास काकांनी मला स्कूटरवरून स्टेशनवर सोडलं. गाडी सुटताना डब्याच्या दाराशी येऊन एवढंच म्हणाले, "पोचली की फोन करजो."

घरी येऊन तीन दिवस झाले. हिशेब मागणाऱ्या वाचकांसाठी सांगते, जाऊन-येऊन तिकीट, खाणं, रिक्षा, एक गरज नसलेला डबा, सगळं मिळून पाच हजारांच्या आत बसतं. भाव करायला मी शिकले नाही. आजही कोथिंबीर मोबाईलवरूनच मागवली. पण आता कोणी दुकानात घासाघीस करताना दिसलं की मी थांबून बघते, आणि त्यातला कोण उठून जाणार आहे ते ओळखायचा प्रयत्न करते.

आज सकाळी मावशीचा फोन आला. नेहमीप्रमाणे थेट.

"हे तुले स्टेशनवर सोडाले गेले, ते सरळ घरी नाही आले ना. दुपारी आले. मी विचारलं कुठं होते, त म्हणे विहारात गेलो होतो. भंतेजी बाहेर गेले होते म्हणे, त दोन तास बसून राहिले, अन पंचशील पुन्हा घेऊन आले. ना पौर्णिमा, ना काही. काहून गेले असतील?"

मी खिडकीपाशी उभी होते. खाली कोथिंबीर घेऊन आलेला माणूस बेल वाजवत होता.

"काय माहीत, मावशी," मी म्हटलं. "सहज गेले असतील."